करवाची पांढरी दोरी

करवाला दोन नावं होती. चर्चच्या वहीत ती कोस्तान्सा, आणि बाहेर सगळ्यांची करवा. करवा म्हणजे आमच्या भाषेत पिवळी. मक्याची पानं पिवळी पडायच्या दिवसांत जन्मली म्हणून आजीने ठेवलेलं नाव. वहीतल्या नावाने तिला फक्त पाद्रीबाबा हाक मारत, आणि ती हाक आपल्यालाच आहे हे कळायला तिला दर वेळी थोडा वेळ लागे.

मी कुंतुरपात्याच्या चर्चच्या अंगणात एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. प्रार्थना, अक्षरं, गाणं. आता घसा बसला, डोळे अधू झाले आणि अंगण दुसऱ्याच्या हाती गेलं. एवढ्या वर्षांत पुष्कळ हुशार पोरं पाहिली, पण करवाइतकी पक्की आठवण कुणाचीच नव्हती. ती माझ्या शाळेत कधी बसली नाही. अंगणाच्या भिंतीपलीकडे माग मांडून विणत बसे आणि तिकडून माझ्या चुका काढी.

"मास्तर, काल प्रार्थनेतली एक ओळ गाळलीत."

"नाही हो गाळली."

"गाळलीत. रोजच्या भाकरीची. पोरं भुकेने कुरकुरत होती, तेव्हाच नेमकी."

मी घरी जाऊन आठवून पाही, आणि तिचं खरं निघे.

हे तिच्यात आलं बापाकडून. तिचा बाप गावच्या लामांच्या, म्हणजे लांब मानेच्या लोकरीच्या जनावरांच्या, कळपाची दोरी राखायचा. एका जाड दोरीला बारीक दोऱ्या लोंबत, प्रत्येकीवर गाठी. किती माद्या व्याल्या, किती कोल्ह्याने नेल्या, लोकर कुणाकडे गेली, सगळं त्यात. मुलगा नव्हता म्हणून त्याने हे मुलीला शिकवलं. गाठी शिकवल्या तसा नियमही शिकवला. दोरी बोटांत असताना खोटं बोलायचं नाही. त्या वेळी मेलेली माणसं कान देऊन ऐकत असतात. आणि जे घडलं ते गाळायचं नाही, जे घडलं नाही त्याची गाठ मारायची नाही. आमच्याकडे हा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. बायबलवर हात ठेवून गावात पुष्कळ जण खोटं बोलले आहेत. दोरी धरून बोललेला मला माहीत नाही.

पाद्रीबाबांनी जेव्हा हुकूम काढला, की चाळीस दिवसांच्या उपासांत प्रत्येकाने वर्षाची पापं आठवून कबुली द्यायची, तेव्हा लोक घाबरले. लिहिता कुणाला येत होतं? मग पाद्रीबाबाच म्हणाले, तुमच्या दोऱ्या आहेत ना, त्यांत बांधून आणा. ते आमच्यात बावीस वर्षं राहिले होते, आमची भाषा बोलत, आमचे सुकवलेले बटाटे खात. वाईट माणूस नव्हता तो. हे आधीच सांगून ठेवतो.

दहा आज्ञांच्या दहा दोऱ्या असं मी लोकांना समजावलं. करवा विणता विणता ऐकत होती.

"चौथी पुन्हा सांगा."

"आईबापाचा मान राख."

"जिवंत आईबापाचा, की मेलेल्यांचाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे मेलेल्यांचाही," ती म्हणाली आणि धोटा पुढे सरकवला.

तिने बांधलेली दोरी इतकी सुबक असे, की पुढे पुढे बायका तिच्याकडूनच दोऱ्या बांधून घेऊ लागल्या. ज्यांना तेवढाही धीर नसे त्या तिची स्वतःची दोरी उसनी नेत. तिची पापं सांगून यायच्या आणि दोरी परत करायच्या. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. सगळ्यांची पापं साधारण एकाच चुलीवरची.

तिची नणंद मेन्सिया तर नेहमीचीच. बुटकी, तोंडाळ, दम्याने बेजार झालेली बाई. एका वर्षी ती करवाची दोरी घेऊन कबुलीला बसली आणि सांगून मोकळी झाली, "पाचव्या आज्ञेत, बाबा, नवऱ्याला पळीने मारलं. दोनदा."

पाद्रीबाबा म्हणाले, "मेन्सिया, तुझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणूनच तर गेला, बाबा!"

ही गोष्ट मेन्सियाच चावडीवर हसून सांगायची. करवा लटकीच रागवायची, "वन्सं, माझी पळी तरी मला ठेवा." पुढल्याच वर्षी करवाचा नवरा पाऱ्याच्या खाणीत वेठीला गेला आणि आला नाही. प्रेतही आलं नाही. त्यानंतर ती गोष्ट कुणी सांगितली नाही.

राहिली एक मुलगी, पौका. आईसारखी सावकाश बोलणारी, पण गाठींचा कंटाळा करणारी. ती पहिल्या बाळंतपणात गेली. त्या दिवशी पाद्रीबाबा आणि मी खालच्या वाडीत सणाच्या प्रार्थनेला गेलो होतो. बाळ, मुलगा, सकाळी जन्मला आणि दुपारी गेला. पौका संध्याकाळी गेली. मरणाऱ्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाणी आणि चार शब्द पुरतात. पण ते मी पोरांना शिकवलं होतं. बायकांना शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पोरं कुठून असणार?

आम्ही परत आलो. पाद्रीबाबांनी पौकाला चर्चमध्ये, उजव्या भिंतीकडे, जमिनीखाली पुरलं. बाळाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून त्याला आत जागा नाही. त्याला बाहेर, मागच्या भिंतीच्या पन्हळीखाली.

मेन्सिया बोलली. "एवढंसं पोर, त्याला आईपासून चार हातांवर टाकलंत? त्याला काय पायांनी चालत जाऊन दूध प्यायचंय?"

आमच्यात मेलेल्याला माती घालत नाहीत. मातीने छाती दबते, तहान लागते, आणि पाणी द्यायला कुणाला खाली उतरता येत नाही. वर कड्यात आमच्या कुळाची गुहा आहे. तिथे आज्या, पणज्या गुडघे पोटाशी घेऊन, कापडात बांधलेल्या, ओळीने बसलेल्या असतात. थंड वाऱ्याने सुकतात, कुजत नाहीत. वर्षातून एकदा बायका जातात, नवं कापड पांघरतात, मक्याची दारू आणि चघळायची कोकाची पानं ठेवतात, घरच्या गोष्टी सांगतात. मी चर्चचा माणूस, हे मी मोठ्याने बोललो नसतो. पण माझी आईही तिथेच होती.

महिन्याभराने आम्ही पुन्हा खालच्या वाडीत गेलो. परत आल्यावर दिवा लावायला चर्चमध्ये शिरलो, तर उजव्या भिंतीकडची जमीन फार नीट सारवलेली दिसली. बाकीच्या जमिनीपेक्षा नीट. बाहेर पन्हळीखालीही तसंच. मी थोडी धूळ आणून दोन्हीकडे पसरली आणि दिवा लावला.

नंतर करवानेच मला सांगितलं. ती, मेन्सिया आणि मेन्सियाचे दोन पुतणे. भर दुपारी, सगळं गाव बटाटे काढायला गेलेलं असताना. पौकाला तिने स्वतः विणलेल्या लाल कापडात बांधलं आणि बाळाला तिच्या छातीशी, त्याच कापडाच्या आत.

"आता ठीक आहे, मास्तर. आजीच्या शेजारी बसवलंय. आजीला पोरं आवडायची."

त्या वर्षीच्या तिच्या कबुलीच्या दोरीत चौथ्या आज्ञेच्या दोरीला जोडलेला एक बारीक पांढरा फाटा होता. मी विचारलं, "हे काय?"

"आईबापाचा मान. मुलांचाही धरला."

"हे पाद्रीबाबांना सांगणार आहेस?"

"पाप नाही तर सांगायचं कशाला?"

"मग बांधलंस कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोरांकडे पाही. "घडलं म्हणून."

ती स्वतः कबुलीला बसली की तो फाटा तळव्याखाली घेई आणि पुढे जाई. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी उपासांच्या दिवसांत मेन्सियाचा दमा वाढला. उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, असं तीच म्हणू लागली, आणि मरायच्या आधी पापं धुऊन घ्यायची तिला घाई झाली. ती करवाकडे आली. "वहिनी, दोरी दे. यंदा नवी बांधायला दम नाही, आणि पाप करायला तर मुळीच नाही."

करवा त्या वेळी कळपाबरोबर वरच्या कुरणात निघाली होती. आदल्या वर्षीच्याच दोरीला नव्या गाठी घालून तिने ती तयार ठेवली होती. घाईत तिने ती काढून दिली. पांढरा फाटा तळव्याखाली घ्यायचा, हे सांगायचं राहिलं. ज्या बाईने जन्मात काही गाळलं नाही, तिच्याकडून एवढंच राहिलं.

पुढचं मला मेन्सियाने सांगितलं. ती एकेक दोरी चाचपत चौथीवर आली. पाद्रीबाबा सहज म्हणाले, "हा पांढरा धागा कसला गं? छान आहे."

मेन्सियाला ठाऊक होतं. तिने स्वतः पौकाचे पाय धरले होते.

"माहीत नाही म्हणायचं होतंस," मी म्हणालो.

"दोरी हातात होती, मास्तर. तुम्ही म्हणाला असता?"

कबुलीतलं गुपित पाद्रीबाबा कुणाला सांगू शकत नव्हते, आणि त्यांनी सांगितलंही नाही. पण त्यांनी मेन्सियाला माफी दिली नाही. मूर्तिपूजेचा तपासनीस, जुनी पूजा शोधून मोडणारा, शेजारच्या गावात आला होता. त्याला जाऊन आपल्या तोंडाने सांग, मग माफी. मेन्सियाने तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तिला असा दम लागला की ओठ निळे पडले. चौथ्या दिवशी ती पुतण्यांच्या खांद्यावर बसून शेजारच्या गावी गेली.

परत आल्यावर ती आधी करवाच्या दारात आली. करवा कुरणातून उतरली होती, चुलीपाशी बसली होती.

"वहिनी, मी सांगितलं."

करवाने विचारलं, "दोरी हातात होती?"

"पहिल्यांदा होती."

"मग काय करणार तुम्ही," करवा म्हणाली. तिने तिला बसायला घोंगडी दिली, गरम पाणी दिलं. मग उठून कड्याच्या वाटेला लागली. पण तपासनिसाची माणसं तिच्या आधीच वाटेवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहेतली सगळी माणसं चौकात आणून ठेवली. एकवीस गाठोडी. ऊन पडलं होतं. त्यांना इतक्या उजेडात कुणीच कधी पाहिलं नव्हतं. बायका तोंडावर पदर घेऊन रडत होत्या, आणि म्हाताऱ्या दबक्या आवाजात एकेकीला हाक मारून सांगत होत्या, घाबरू नका, आम्ही इथेच आहोत. माझ्या आईच्या कापडाची एक कड उसवली होती. मला दुभाषा म्हणून तपासनिसाच्या शेजारी उभं केलं होतं. ती कड मला आत खोचता आली नाही.

तपासनीस थकलेला, व्यवस्थित माणूस होता. तो म्हणाला, बाप्तिस्मा झालेली बाई चर्चमध्ये परत जाईल. बाकीची जळतील.

आमच्यात पुरलेला माणूस तहानलेला राहतो. पण जळलेला माणूस कुठेच राहत नाही. त्याला पाणी द्यायलाही कुणी नसतं.

पौकाचं लाल कापड सगळ्यांत नवं होतं. ते ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. शिपायाने ते सोडलं, आणि आत बाळ दिसलं.

"हे?" तपासनिसाने विचारलं.

पाद्रीबाबा खाली बघत म्हणाले, "बाप्तिस्म्याआधीच गेलं."

"मग ते बाकीच्यांत."

तेव्हा करवा पुढे आली. "त्याचा बाप्तिस्मा झाला होता. मी दिला. तो जाण्याआधी, हाताने पाणी घालून."

मी ते सांगितलं. तपासनिसाने विचारलं, कोणते शब्द म्हणालीस? ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली. बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. एकही शब्द चुकला नाही. भिंतीपलीकडे बसून तिने ते कितीदा ऐकलं असेल! फक्त बाईलाही ते म्हणता येतात, हे त्या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे खोटं आहे हे मला माहीत होतं. मेन्सियाला माहीत होतं. मेन्सिया जमिनीवर बसून धापा टाकत होती, पण तोंड घट्ट मिटून.

तपासनिसाने मान हलवली. त्याला पटत आलं होतं, शपथेवर सांगतो. एवढंसं पोर, त्याच्यासाठी कोण वाद घालतं? त्याने लेखणी उचललीही.

आणि पाद्रीबाबांना राहवलं नाही. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्या बाळाला पन्हळीखाली पुरल्याचं त्यांच्या मनाला लागून राहिलं असावं. ते म्हणाले, "ही बाई शब्दाची पक्की आहे. हिच्या दोरीत सगळं असतं. तिची दोरी इथेच आहे, तीच साक्ष देईल." त्यांनी जप्तीच्या सामानातून दोरी काढली आणि करवाच्या हातात दिली. मदत म्हणून दिली. "दाखव, कोस्तान्सा. बाप्तिस्म्याची गाठ कोणती?"

करवाने दोरी घेतली. तिची बोटं आपोआप चौथ्या आज्ञेवर गेली, पांढऱ्या फाट्यावर. तिथे सहा गाठी होत्या. चार उचलणाऱ्यांच्या, एक पौकाची, तिच्याखाली एक बारीकशी. त्या चौकात सहांतली कुठलीही एक दाखवली असती तरी चाललं असतं. तपासनिसाला काय कळत होतं?

तिने मान वर केली. समोर तिची आजी होती, पणजी होती, उन्हात ओळीने बसलेल्या. सगळ्या ऐकत होत्या.

मेन्सिया कळवळून म्हणाली, "वहिनी, दाखव की गं. कुठलीही दाखव!"

करवाचं बोट त्या बारीक गाठीवर आलं. तिथेच बराच वेळ राहिलं.

"नाही," ती म्हणाली. "ती गाठ नाही."

तपासनीस माझ्याकडे वळला. "काय म्हणते?"

हा क्षण माझा होता. दोरी माझ्या हातात नव्हती. मी काहीही सांगू शकलो असतो. इतकी वर्षं मी पोरांना शिकवलं होतं की शब्दाला शब्द द्यावा, आपलं काही घालू नये. मी म्हणालो, "ती म्हणते, ती गाठ नाही."

शिपायाने बाळाला सोडवलं. कापड बाळाच्या पाठीला चिकटलं होतं, त्याला जरा ओढावं लागलं. करवा म्हणाली, "हळू," आणि एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत सगळं जळलं. राख नदीत टाकली. तिची दोरीही त्या आगीत गेली. पौकाला पुन्हा उजव्या भिंतीकडे पुरलं, या वेळी खोल, वर चुना आणि दगडी फरशी. करवाचे केस कापले, आणि शिक्षा म्हणून जन्मभर चर्च झाडायचं काम दिलं. मेन्सियाला माफी मिळाली. पावसाळ्याआधी ती गेली. शेवटी कुणी पाणी पाजायला गेलं की म्हणे, आधी वहिनीला विचारा, चालेल का.

करवा अकरा वर्षं चर्च झाडत होती. फरशीवरून केरसुणी फिरवताना ती तिथे क्षणभरही थांबत नसे, आणि लोक म्हणत, सावरली बाई. पण ती नदीचं पाणी कधी प्यायली नाही. म्हातारपणी, गुडघे धरले तरी, डोंगरातल्या झऱ्यावर जाऊन घागर आणी. उपासांचे दिवस आले की बायका यायच्या, "करवाआजी, दोरी बांधून द्या." ती म्हणायची, "मला येत नाही."

एकदा तिने मला विचारलं, "मास्तर, त्याला तुम्ही नाव काय दिलं असतं?"

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." मी नाव ठरवलं होतं, पण पुन्हा तिने विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची माझी छाती झाली नाही.

ती शेवटची पडली तेव्हा पाद्रीबाबा आले. तेही म्हातारे झाले होते. मी काठी टेकत त्यांच्या थोडा आधी पोहोचलो होतो. सकाळची वेळ होती, झोपडीच्या दारातून ऊन आत येत होतं. ते तिच्या उशाशी बसले आणि प्रेमाने म्हणाले, "कोस्तान्सा, जाण्याआधी सगळं सांगून मोकळी हो. काय काय केलंस, आठव."

तिच्या हातात काही नव्हतं. बोटं घोंगडीवर सरळ पडलेली होती.

"काही आठवत नाही, बाबा," ती म्हणाली.

पाद्रीबाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वय झालं." त्यांनी तिला माफी दिली.

ते आत येण्याच्या थोडं आधीच ती मला म्हणाली होती, "मास्तर, तुमच्या अंगरख्याचं तिसरं बटण बदललंय. त्या दिवशी चौकात हाडाचं होतं."